ताटली आधी उलटी करा: जुनी जपानी चिनीमाती आणि चांदी घरात आणताना

आमच्याकडे पोह्यांच्या बशा पाचच आहेत. सहावं माणूस आलं की त्याच्या हातात स्टीलची बशी जाते. या बशा जपानी आहेत, शंभराहून जास्त वर्षांच्या, आणि जपानात संच पाचाचा असतो. चार या आकड्याचा एक उच्चार तिथे ‘शी’ होतो आणि मृत्यूलाही ‘शी’च म्हणतात, म्हणून चाराचा संच टाळतात. जुन्या लाकडी खोक्यातून बशा निघतात त्या पाच, दहा, नाहीतर वीस.

चार वर्षं क्योतोजवळ राहताना मी ही भांडी एकेक करून गोळा केली. आता ओळखीतलं कुणी जपानला निघालं की फोन येतो: काय बघू, किती पैसे देऊ, फसणार तर नाही ना? त्या फोनवर जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. ही भांडी जेवायला, चहाला, रोजच्या वापराला घ्यायची आहेत, असं मी धरून चालले आहे. कपाटात कुलूपबंद ठेवायच्या वस्तूंची पारख वेगळी आणि भावही वेगळे.

निघण्याआधी चार शब्द तेवढे पाठ करा. एदो (१६०३ ते १८६८), मेइजी (१८६८ ते १९१२), ताइशो (१९१२ ते १९२६) आणि शोवा (१९८९ पर्यंत). दुकानदार साल क्वचितच सांगतो, तो काळ सांगतो. शोवामधलीही कितीतरी भांडी सुंदर आहेत, पण ‘अँटिक’ म्हणून भाव लावला असेल तर तो कशाच्या जोरावर, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पहिली पायरी: लहान आणि निळं घ्या

नवखं माणूस बाजारात शिरलं की लाल-सोनेरी मोठ्या तबकापाशी थांबतं. तिथून पुढे चला. पहिली खरेदी तळहाताएवढी असावी. मामेझारा म्हणजे चटणी-लोणच्यापुरती इवलीशी बशी, कोझारा म्हणजे त्याहून जरा मोठी, आणि सोबा-चोको म्हणजे सोबाच्या शेवया ज्या रशात बुडवून खातात तो रस्सा ठेवायचा छोटा, सरळ उभ्या भिंतीचा पेला. सोबा-चोको आपल्या घरात लगेच रुळतो. त्यात चहा चालतो, ताक चालतं, दोन गुलाबजामही बसतात. नक्षी हजार प्रकारची, त्यामुळे एकेक सुटा घेतला तरी पुढे सगळे एकत्र शोभतात.

रंग निळाच घ्या. पांढऱ्यावर निळ्या कामाला सोमेत्सुके म्हणतात. यात कोबाल्टची निळाई कच्च्या भांड्यावर रंगवून तिच्यावर झिलई चढवतात आणि मग भट्टीत भाजतात. चित्र झिलईच्या खाली सुरक्षित राहतं. रंगीत आणि सोनेरी काम मात्र झिलईच्या वर, दुसऱ्यांदा कमी आचेवर भाजून केलेलं असतं. ते घासलं जातं, उडतं, आणि जुन्या रंगांत शिसंही असतं. रोजच्या जेवणाला निळं का, याचं उत्तर एवढंच आहे.

निळ्यातही हाताने रंगवलेलं आणि छापलेलं असे दोन प्रकार. छापलेल्याला इनबान म्हणतात. मेइजी काळात ही छपाई जोरात सुरू झाली आणि साध्या घरांपर्यंत नक्षीची भांडी पोचली. एक पद्धत किमोनोच्या कापडाला वापरतात तसल्या कोरीव कागदी साच्याची, तिच्यात रेषा मध्येमध्ये तुटलेली दिसते. दुसरी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नक्षी पातळ कागदावर घेऊन ती भांड्यावर उतरवायची. हिच्यात नोटेवर असतात तशा बारीक रेघोट्या. आमच्या पोह्यांच्या बशा या दुसऱ्या पद्धतीच्या. त्यांच्यावर सारस पक्षी आहेत, आणि कागदाचे दोन तुकडे जिथे एकमेकांना भिडले तिथे एका सारसाचा पंख दोनदा उमटला आहे. पाचही बशांवर ही चूक वेगवेगळ्या जागी आहे. कारागीर घाईत होता, त्याला दिवसभरात ढीगभर बशा उरकायच्या होत्या. मला ती जागा बशीतली सगळ्यात जिवंत जागा वाटते. जाणकार इनबानला दुय्यम मानतात, आणि त्यामुळेच ती अजून परवडते. क्योतोच्या बाजारात मी पाच बशांचे ४,००० येन दिले होते.

निळ्याची छटाही काळ सांगते. जुना नैसर्गिक कोबाल्ट, ज्याला गोसु म्हणतात, जरासा राखाडी, शांत असतो. १८७० मध्ये गॉटफ्रिड वागेनर हा जर्मन रसायनतज्ज्ञ आरिता या कुंभारांच्या गावी आला आणि तिथल्या कुंभारांनी युरोपी कृत्रिम कोबाल्ट वापरायला घेतला. हा रंग भडक, किंचित जांभळटाकडे झुकणारा. दोन बशा शेजारी ठेवून बघितल्या की फरक एकदाच कळतो आणि मग कायम दिसत राहतो.

नावांचा गुंता सोडवून घ्या

इमारी हे गाव आहे, बंदर आहे. भांडी बनायची तिथून आत डोंगरात, आरिता गावी, क्युशू बेटावर, आजच्या सागा प्रांतात. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या कोरियावरच्या स्वाऱ्यांनंतर (१५९२ ते १५९८) तिथले कुंभार जपानात आणले गेले. त्यांच्यातल्या यी साम-प्योंग याला इझुमियामा इथे योग्य दगड सापडला, अशी परंपरा आहे, आणि १६१६ हे साल आरिताच्या पोर्सिलेनचा, म्हणजे चिनीमातीचा, आरंभ म्हणून मानतात. हो, दगडच. आरिताची चिनीमाती दगड कुटून, पाण्यात निवळून केलेली असते. पुढे चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, तिथला माल येईना, आणि डच व्यापाऱ्यांनी नागासाकीतल्या देजिमा बेटावरून १६५९ पासून मोठ्या मागण्या नोंदवल्या. माल इमारीहून जहाजात चढायचा म्हणून नाव इमारी पडलं. जुन्या मालाला कोइमारी म्हणतात, ‘को’ म्हणजे जुनं.

काकिएमोन म्हणजे दुधासारखी पांढरी भूमी, थोडी चित्रं, भरपूर मोकळी जागा. नाबेशिमा म्हणजे त्या प्रांताच्या सरदारासाठी बनवलेलं, बाजारात न विकलं जाणारं काम. बुडाच्या कड्यावर कंगव्याच्या दातांसारख्या निळ्या उभ्या रेषा ही त्याची ओळख. या दोन्हींची अस्सल जुनी भांडी संग्रहालयात बघायची. पेठेत स्वस्तात मिळत असतील तर ती नंतरची असतात, हे धरूनच चाला. कुतानी इशिकावा प्रांतातलं, हिरवा-पिवळा-जांभळा असे दाट रंग. सात्सुमा तर पोर्सिलेनच नाही. ती साय रंगाची, बारीक जाळीदार तडे असलेली मातीची भांडी, सजावटीची. जेवायला नको. बुडावर ठळक ‘सात्सुमा’ असा छाप मारलेला अलीकडचा मालही फार फिरतो.

आणि एक सेतो. आपण ‘चिनीमाती’ म्हणताना चीनचं नाव घेतो, तसं जपानात साध्या कपबशांना ‘सेतोमोनो’ म्हणतात, सेतो गावचा माल. कातो तामिकिची नावाचा कारागीर क्युशूत जाऊन पोर्सिलेनची विद्या शिकला आणि १९व्या शतकाच्या सुरुवातीला ती सेतोला घेऊन आला. आपल्या हाती पडणारी बरीच मेइजी-ताइशो भांडी सेतो आणि शेजारच्या मिनोचीच असतात.

माझं मन सगळ्यात जास्त कुठे रमतं विचाराल तर कुरावांका वाट्यांवर. आरिताला लागून हासामी आहे. तिथल्या भट्ट्यांत जाड, जरा करड्या, ओबडधोबड वाट्या हजारोंनी बनायच्या. ओसाका आणि क्योतोच्या मधल्या योदो नदीवर प्रवासी नावा चालत, आणि जेवण विकणाऱ्या होड्या त्यांना जाऊन भिडत. विक्रेते मोठ्याने, जवळजवळ दरडावून विचारत, ‘कुरावांका?’ म्हणजे ‘अरे, खाणार की नाही?’ त्या आरोळीवरून वाटीचं नाव पडलं. दोन-तीन झटक्यांत काढलेलं एखादं फूल, बुडाला चिकटलेली वाळू, आणि वजन असं की हातात घेतली की भरवसा वाटतो. वरण-भाताला यापरती वाटी नाही.

दुसरी पायरी: उलटी करा

वस्तू आवडली की चित्राकडे बघत बसू नका. दोन्ही हातांनी उचला, टेबलापासून जेमतेम वीतभर वर धरा आणि उलटी करा. विक्रेत्याला त्याचा राग येत नाही. उलट तुम्ही बूड बघता आहात म्हटल्यावर तो पुढे येऊन बोलू लागतो. हातातल्या अंगठ्या, कडं, लोंबणारं घड्याळ आधी काढून ठेवा.

पहिल्यांदा बुडाचं कडं. तिथे झिलई नसते, आतली माती उघडी दिसते. त्यावरून बोट फिरवा. शंभर वर्षं लाकडावर सरकलेलं कडं गुळगुळीत होतं, पण सगळीकडे सारखं नाही. नव्या मालाला जुना दाखवायला कुणी चहाच्या पाण्याने काळवंडवलं असेल तर डाग एकसारखा पसरलेला असतो. खरा मळ कानाकोपऱ्यात बसतो.

मग बुडाच्या मधोमध बघा. एक, तीन, पाच असे टाचणीच्या डोक्याएवढे खरखरीत ठिपके दिसतील. आरिताच्या रुंद ताटल्या भट्टीच्या आचेत मध्ये खचू नयेत म्हणून खाली मातीचे छोटे शंकू लावायचे आणि नंतर ते ठोकून काढायचे. हे त्यांचे व्रण. चिनी ताटल्यांना सहसा असे ठिपके नसतात. नवखे लोक हा दोष समजून वस्तू खाली ठेवतात. खरं तर ही चांगली खूण आहे. काही खोलगट बशांच्या बुडाला झिलई नसलेलं रुंद वर्तुळ असतं, त्याला जानोमे, म्हणजे सापाचा डोळा, म्हणतात. ते साधारण १८व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९व्या शतकातल्या मालावर भेटतं.

आता अक्षरं. चौकटीतलं ‘फुकु’ म्हणजे सौभाग्य, शुभचिन्ह म्हणून घातलेलं, भट्टीचं नाव नव्हे. सहा अक्षरांचा मजकूर असेल तर बहुतेकदा ‘थोर मिंग राजवटीच्या चेंगहुआ काळात बनवलेलं’ असं लिहिलेलं असतं. चेंगहुआ सम्राट १५व्या शतकातला, तेव्हा आरितात भट्टीच नव्हती. चिनी मालाचा मान मोठा म्हणून कुंभार ती अक्षरं काढत आणि घेणाऱ्यालाही ते माहीत असे. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून ‘अहो, ही तर पाचशे वर्षांची निघाली’ असा संदेश मला दरवर्षी कुणीतरी पाठवतं.

रोमन अक्षरं असतील तर काम सोपं होतं. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. तेव्हा जपानचं जपानी नाव ‘निप्पॉन’ लिहीत. १९२१ पासून ‘जपान’ लिहावं लागलं. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९४७ ते १९५२ मधलं. नोरिताकेचा कारखाना नागोयात १९०४ मध्ये उभा राहिला आणि त्यांचा पहिला पाश्चात्त्य पद्धतीचा डिनर सेट १९१४ मध्ये तयार झाला, त्यामुळे त्याच्या आधीचा ‘नोरिताके डिनर सेट’ असूच शकत नाही. मात्र हे छाप परदेशी जाणाऱ्या मालाचे. जपानातल्याच घरांत राहिलेल्या भांड्यांवर ते नसतात, म्हणून काहीच लिहिलेलं नाही याचा अर्थ फार जुनं असा काढू नका.

तिसरी पायरी: आवाज, उजेड, नख

माठ घेताना आपण वाजवून घेतो. तसंच इथे. वाटी एका हाताच्या बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि काठाला नखाने हलकेच टिचकी मारा. धड पोर्सिलेन टणकन वाजतं आणि आवाज जरा लांबतो. बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसो न दिसो.

खिशात छोटी टॉर्च ठेवा. काठाला बाहेरून उजेड लावला की केसासारखी चीर आतून दिसते. मग काठावरून नख फिरवत पूर्ण गोल जा. टवका असेल तिथे नख अडखळतं. रंगवून झाकलेली डागडुजी हाताला कोमट आणि जरा मऊ लागते, तर पोर्सिलेन नेहमी गार. जांभळ्या अतिनील उजेडाची टॉर्च असेल तर दुरुस्तीची जागा वेगळीच चमकते.

जपानी विक्रेते दोष लपवत नाहीत, पण ते त्यांच्या शब्दांत सांगतात. चिठ्ठीवर किंवा ऑनलाइन लिलावाच्या मजकुरात हे शब्द येतात: ‘न्यू’ म्हणजे केसासारखी चीर, ‘होत्सु’ म्हणजे बारीक टवका, ‘नाओशी’ म्हणजे दुरुस्त केलेलं, ‘सुरे’ म्हणजे वापराने घासलेलं, ‘कान्यू’ म्हणजे झिलईतली तड्यांची जाळी, ‘कामाकिझु’ म्हणजे भट्टीतच आलेला जन्मजात दोष, आणि ‘मुकिझु’ किंवा ‘कानपिन’ म्हणजे धडधाकट. जन्मजात दोषाने किंमत फारशी उतरत नाही, चिरेने बरीच उतरते. रोज वापरायचं असेल तर होत्सु चालवून घ्या, पैसे वाचतील. न्यू मात्र टाळा, कारण चीर वाढते आणि तिच्यात हळद शिरते.

सोन्याच्या रेघांनी सांधलेलं भांडं, म्हणजे किन्त्सुगी, सगळ्यांना हवं असतं. खरी किन्त्सुगी उरुशी या झाडाच्या चिकाने करतात, तो वाळायला आठवडे लागतात, आणि सोन्याची पूड शेवटी लावतात. हल्ली झटपट संच मिळतात, त्यांत रासायनिक डिंक आणि पितळेसारखी पूड असते. मी एका जत्रेत अशी सांधलेली वाटी मोठ्या हौसेने घेतली. घरी पहिल्यांदा तिच्यात गरम कढी वाढली आणि सोनेरी रेघ काठापाशी मऊ पडून सुटली. विक्रेत्याने खोटं सांगितलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. आता विचारते: ‘होन-उरुशी देसु का?’ खरी उरुशी आहे का? उत्तर नाही आलं तर ती वाटी सुक्यामेव्याची. एदोच्या उत्तरार्धातली आणखी एक दुरुस्ती दिसते, याकित्सुगी. तिच्यात शिसं असलेल्या काचेने तुकडे जोडून पुन्हा भाजायचे, सांध्यावर दुधट, उंचवट्यासारखी रेघ येते. बघायला विलक्षण आहे, पण तीही फक्त कोरड्या पदार्थांना.

चौथी पायरी: चांदीकडे वळताना

चिनीमातीत हात बसल्यावरच चांदी घ्या. चुकीची किंमत इथे मोठी पडते.

१८७६ मध्ये सरकारने सामुरायांना कमरेला तलवार लावायला बंदी केली. तलवारीच्या मुठी आणि त्यांवरची धातूची फुलं-पक्षी घडवणाऱ्या कारागिरांचं काम एका हुकुमाने गेलं. त्यातले कितीतरी हात चहादाण्या, तबकं, डबे, फुलदाण्यांकडे वळले. त्या काळच्या जपानी चांदीवर आयरिसची पाती किंवा शेवंतीची पाकळी पत्र्यातून उठून जिवंत का वाटते, हे त्यावरून कळतं. ते हात पिढ्यानपिढ्या तलवारीच्या इवल्याशा जागेत जग मावायला शिकलेले होते. योकोहामा बंदरातली दुकानं परदेशी गिऱ्हाइकांना हा माल विकत. कोनोइके, सामुराई शोकाई, आर्थर अँड बॉन्ड अशी नावं बुडावर ठोकलेली सापडतात. तोक्योतलं मियामोतो शोको १८८० चं.

छाप बघायचा तो असा. ‘जुनगिन’ ही दोन चित्राक्षरं म्हणजे शुद्ध चांदी. ती फोनमध्ये चित्र म्हणून साठवून ठेवा आणि बुडाशी जुळवा. १९२९ पासून जपानच्या सरकारी टांकसाळीने प्रमाणित केलेल्या वस्तूंवर छोटा जपानी झेंडा आणि शेजारी पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात शुद्धतेचा आकडा असतो. ‘स्टर्लिंग ९५०’ म्हणजे हजारात ९५० भाग चांदी, इंग्रजी स्टर्लिंगच्या ९२५ पेक्षा जास्त. असा छाप असलेल्या मीठदाण्या, बशा, चमचे दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी लोकांसाठी भरपूर बनले, तेव्हा त्यांना मेइजीचा भाव देऊ नका. चुंबक चिकटला नाही एवढ्यावर जाऊ नका, जर्मन सिल्व्हरलाही तो चिकटत नाही. मुलामा असेल तर काठावर, कडीच्या सांध्यावर, तोटीच्या टोकाशी तांबूस किंवा पिवळट धातू डोकावतो.

वजन जपानात कधी मोम्मेमध्ये सांगतात. एक मोम्मे ३.७५ ग्रॅम, म्हणजे आपल्या एका तोळ्यात तीन मोम्मेंहून थोडे जास्त. त्या दिवसाच्या भावाने नुसत्या चांदीची किंमत काढा. सराफाकडे मोड घालताना जसं करतो तसंच. त्यावर जे मागितलं जातं ती कारागिरीची किंमत. ती द्यायची की नाही हे तुमच्या डोळ्यांनी ठरवा. जुन्या मालकाचं नाव घासून काढलेलं असेल तर तिथला पत्रा पातळ होतो. अंगठ्याने हलकेच दाबून बघा, दबतो.

पहिली चांदी म्हणून मी चाताकु सुचवते. त्या पेल्याखालच्या बशा, पाचाच्या संचात. नाहीतर साके या तांदळाच्या मद्याचा एखादा उथळ पेला, ज्यात आपल्याकडे देवापुढे दूध-साखर ठेवता येते. बक्षीस म्हणून दिलेले सरकारी पेलेही बाजारात येतात. १९६३ पासून शंभरी गाठणाऱ्या प्रत्येकाला जपान सरकार चांदीचा पेला देतं. पहिल्या वर्षी ते १५३ जण होते. पुढे संख्या इतकी वाढली की २०१६ पासून शुद्ध चांदीऐवजी मुलाम्याचा पेला देऊ लागले. कुणाच्या तरी आजीचा असा पेला हातात आला की मी तो आधी नीट पुसते, मग किंमत विचारते.

चहादाणी घेत असाल तर कडीचे सांधे बघा. हाताला चटका बसू नये म्हणून तिथे पांढरट चकत्या बसवत, आणि त्या कित्येकदा हस्तिदंताच्या असतात. हस्तिदंत देशाबाहेर नेणं-आणणं कायद्यात अडकतं. अशी चहादाणी कितीही आवडली तरी सोडा.

आता घासण्याबद्दल. जपानी चांदी पुष्कळदा मुद्दाम काळवंडवलेली असते. तिला इबुशी म्हणतात. खोलगट भागात राखाडी छाया ठेवून नक्षी उठावदार करायची. ‘इबुशी-गिन’ हा शब्द तिथे मुरलेल्या, शांत, गुणी माणसालाही लावतात. माझ्याकडे लाटांच्या नक्षीचा एक पेला होता. मी गावाला गेले असताना आईने दिवाळीच्या घासाघाशीत तोही टूथपावडर लावून लख्ख केला. तिने प्रेमानेच केलं, आपल्या घरात चांदी चमकलीच पाहिजे. पण लाटा दिसेनाशा झाल्या, आणि गेलेली ती छाया परत आणता येत नाही. म्हणून चांदी आणली त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: चिंच नाही, रांगोळी नाही, पावडर नाही. अॅल्युमिनियमचा कागद, सोडा आणि गरम पाण्याचा उपायही नाही; तो काळेपणा सरसकट काढतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती फडकं, आणि लगेच कोरडं पुसणं. वापरात असलेली चांदी आपोआप उजळ राहते. अंडं, कांदा, लसूण, हिंग यांतल्या गंधकाने ती काळी पडते, मिठाने खड्डे पडतात. बासुंदी, खीर, पाणी, सुकामेवा यांना ती उत्तम. ठेवताना रबरबँड लावू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका.

कुठे जायचं

क्योतोत दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी देवळात आणि २५ ला कितानो तेनमांगू देवळात बाजार भरतो. तोक्योत इंटरनॅशनल फोरमच्या आवारात ओएदो अँटिक मार्केट भरतं, त्याच्या तारखा आधी बघून घ्या. भल्या सकाळी जा. घासाघीस एकदाच, हसून, आणि तीही दोन-तीन वस्तू एकत्र घेताना. आपल्याकडच्यासारखं अर्ध्यावर आणलं तर माणूस दुखावतो. आरितात २९ एप्रिल ते ५ मे मोठी भांडी-जत्रा असते, पण तिथे बहुतेक माल नवा. त्याच गावात क्युशू सिरॅमिक म्युझियम आहे आणि तिथे शिबाता दांपत्याने दिलेल्या दहा हजारांहून अधिक आरिता भांड्यांपैकी निवडक भांडी काळाच्या क्रमाने बघता येतात. तिथे एक दिवस काढलात तर बाजारातले दहा दिवस वाचतील.

जपानला जाणं नसेल तर मुंबईतच डोळा तयार होतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत, हैदराबादच्या सालारजंगमध्येही जपानी दालन आहे. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन काइशा या कंपनीने टाटांच्या साथीने मुंबई-जपान जहाजमार्ग सुरू केला. इथून कापूस तिकडे जायचा आणि जपानी माल इकडे यायचा. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर फिरताना जपानी कपबशी दिसली तर आश्चर्य वाटायला नको. तिथेही उलटी करा, वाजवा, मगच बोला. माझ्या अनुभवात तिथे विसाव्या शतकातला निर्यातीचा माल जास्त दिसतो. बुडाशी उजेडात बाईचा चेहरा उमटणारे पातळ पेले त्यातलेच.

घरी आल्यावर

नव्या आणलेल्या भांड्याला आधी कोमट पाण्यात तासभर बसू द्या. चीर असेल तर ती ओली झाल्यावर दिसते. झिलईला जाळी असलेली भांडी वाढण्याआधी पाण्यातून काढा, म्हणजे तेल आणि हळद लगेच आत शिरत नाही. रस्सा त्यांत रात्रभर ठेवू नका. फ्रिजमधून काढून थेट गरम पदार्थ ओतू नका. सोनेरी काम मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, आणि जुनं कुठलंच भांडं डिशवॉशरमध्ये नाही. झिलईवरच्या रंगीत कामात लिंबू, चिंच, दही, लोणचं वाढू नका. त्यात लाडू ठेवा.

रचताना प्रत्येक दोन बशांमध्ये जुन्या मऊ साडीचा तुकडा घाला, कारण वरच्या बशीचं खरखरीत कडं खालच्या बशीचं चित्र ओरखडतं. मूळ लाकडी खोकं मिळालं तर ते टाकू नका. झाकणाच्या आत कधी वर्ष लिहिलेलं असतं, कधी घराण्याचं नाव, आणि त्याने वस्तूची किंमतही वाढते.

विमानात बशा आडव्या रचायच्या नाहीत. पुस्तकांसारख्या उभ्या, प्रत्येक वेगळी गुंडाळलेली, हातातल्या सामानात. पावती जपा, कस्टमला दाखवावी लागते, आणि चांदीबाबत त्या वेळचे नियम निघण्याआधीच तपासा. हेही लक्षात असू द्या की १९७२ च्या कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतातून बाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या मुलीला आजीची जुनी जपानी बशी द्यायची असेल तर आधी पुरातत्त्व विभागाकडे विचारणा करा.

आणि एक वही करा. तारीख, गाव, किंमत, विक्रेत्याने सांगितलेला काळ, तुम्हाला दिसलेले दोष, बुडाचा फोटो. माझ्या वहीतली पहिली नोंद तोजीची आहे: सोबा-चोको एक, निळी जाळी, काठाला एक होत्सु, ९०० येन, पाऊस. खाली नंतर पेन्सिलीने लिहिलं आहे, ‘बाबांचा ताकाचा पेला’.